बी झडेपर्यंत

इब्राहिममामा गेल्याचं मला यवतच्या एसटी थांब्यावर कळलं. पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी शिरूरहून त्यांच्याकडेच निघाले होते. वडापच्या जीपवाल्यानं गठ्ठ्याकडे बघून विचारलं, "ताई, आता कुणाला दावणार? मामा परवाच गेले की." दफनही उरकलं होतं. पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'गायरान पडीक नाही'. हे ज्यांनी मला शिकवलं, त्यांनाच ते दाखवायचं राहून गेलं...

महिना उलटला, पेपरात त्यांच्यावर एक ओळ नाही. कशाला येईल? ते पुढारी नव्हते, कुठल्या सोसायटीचे चेअरमन नव्हते. यवतच्या वरच्या अंगाला माळावर गावाचं कुरण आहे, कागदोपत्री गायरान; ते मामा राखायचे. आधी वडील राखायचे, मग हे. बदल्यात गाव गवताच्या पेंढ्या द्यायचं. दिवाळीच्या सुमारास कुरण गुरांना कधी उघडायचं, हे मामा सांगायचे. त्यासाठी गवताचं कणीस तळहातावर आपटायचे. बी आपसूक झडलं तर कुरण उघडं. नाही झडलं तर सरपंचाचा बैलसुद्धा बाहेर.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा पावसानं सलग दुसऱ्या वर्षी ओढ दिली होती. माळ राखेच्या रंगाचा. मी म्हटलं, "मेलं सगळं." मामांनी विळ्यानं मारवेल गवताचा एक ठोंब उकरला, नखानं मुळी सोलली. आत पांढरी, ओलसर. "वरनं मेल्यागत हाय, खाली जित्तं हाय. पाऊस न्हाई आला तर काय करायचं, त्ये गवताला म्हाईत हाय, पोरी. पर आता त्यो कवाबी येतो, आन् आला की माती घिऊन जातो... तवा काय करायचं, त्ये गवताला न्हाई म्हाईत." मी वहीत उतरवून घेतलं. समजलं काहीच नव्हतं.

त्याच वर्षी भाद्रपदात दोन सरी पडल्या आणि गवतानं घाईघाईनं तुरे काढले. खाली वस्त्यांवर गुरांच्या बरगड्या मोजता येत होत्या, चारा छावणीचा पत्ता नव्हता. माझं डोकं फिरलं. 'गुरं उपाशी, गवताला पहारा कुणासाठी?' असं पत्रक काढलं आणि मोर्चा थेट कुरणाच्या तोंडाशी नेला. वाटेवर बाभळीची काटेरी फांदी आडवी टाकून मामा एकटे उभे.

"पंधरा दिस थांबा. बी झडंना आजून. आत्ता गुरं सोडली तर ठोंबासकट उपटत्याल. मातीत ऱ्हाईल काय?"

"तोवर गुरं मेली म्हणजे?" मी ओरडले.

"अर्धं कापून देतो. माज्या वाटणीच्या पेंढ्याबी न्या. अर्धं बियाला ठिवू. पर गुरं आत नगं."

यातून सगळं निभावलं असतं. पण मोर्च्याला पेंढ्या नको होत्या, जिंकायचं होतं. खरं सांगायचं तर मलाच जिंकायचं होतं. ती फांदी मी माझ्या हातानं ओढली.

चार दिवसांत माळ खरवडून निघाला. पुढच्या वर्षी पावसाच्या एकाच झोडपणीत उघडी माती ओढ्याला गेली. मारवेलच्या जागी कुसळं आणि गाजरगवत. आता कचेरीत साहेब म्हणतात, "पडीकच आहे की ते." कागदावर पडीक लागलं की जमीन कुणालाही देता येते. इतकी वर्षं मी या शब्दाशी भांडतेय, आणि तो त्यांच्या हातात मीच दिला.

यावर मामा एकदाच बोलले. "तुजं पत्रक शेळीनं खाल्लं बघ. एवढ्या माळावर तेवढंच खायाजोगं ऱ्हायलं." आणि खो खो हसले. मला हसता आलं नाही.

मग त्यांनी कोपऱ्यात खोलीएवढ्या जागेला काटेरी कुंपण केलं, बांधाबांधावरून मारवेलचे ठोंब आणून लावले. शेवटच्या भेटीत म्हणाले, "डोळं गेलं माजं. औंदा कणीस तू बघ..." सगळं गाव सोडून त्यांनी मला सांगितलं.

परवा मी माळावर गेले. त्या खोलीएवढ्या तुकड्यात गवत कमरेला लागलेलं. मामी दोन शेळ्या धरून उभ्या होत्या. "लई भुकेल्यात गं. आता कोण इचारतंय? सोडू का?"

मी कणीस तळहातावर आपटलं. काही पडलं नाही. पुन्हा आपटलं.

"न्हाई मामी... आजून न्हाई."

त्यांनी शेळ्या मागं ओढल्या. मी कुंपणाच्या तोंडाशी काटेरी फांदी पुन्हा आडवी लावली.