मागची जीप

आमच्या गावात पहिला ट्रॅक्टर आला तो गौडांच्या, म्हणजे गावच्या पाटलांच्या घरी. तेव्हा म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालेलं होतं आणि मी लग्न होऊन नुकती या गावात आले होते. खजुरीपासून तीन मैलांवरचं हे गाव. गौडांची दोन्ही मुलं शिकायला गुलबर्ग्याला. ट्रॅक्टरबरोबर आलेला मिस्त्री आठ दिवस राहिला आणि जाताना चालवायला शिकवून गेला तो गौडांकडं कामाला असलेल्या आमच्या यांना. आमच्या वस्तीतला माणूस त्या सीटवर बसलेला बघून गावातले काही म्हातारे तोंड फिरवायचे. माझे सासरे मात्र काठी टेकत वेशीपर्यंत जायचे, मुलगा रस्त्याला लागलेला बघायला.

सासऱ्यांचं आयुष्य रस्ता सोडण्यात गेलं होतं. समोरून कुणा मोठ्याची छकडी आली की ते नांगरटीत उतरून उभे राहायचे, चपला काढून हातात घ्यायचे. धर्म बदलल्यावर चपला पायात राहिल्या, पण उतरायची सवय काही मोडली नाही.

आळंदचा रस्ता तेव्हा एका गाडीपुरताच डांबरी होता. दोन्ही बाजूंनी डांबर तुटून वीतभर कड पडलेली, आणि खाली काळी माती. भरलेली ट्रॉली त्या कडेवरून खाली घ्यायची म्हणजे उलटायची भीती. त्यामुळं मागून बस, ट्रक, जीप आली की साईड कुणी द्यायची यावरून रोज शिव्यागाळी व्हायची. ट्रॅक्टरवाला हळू, म्हणून सगळ्यांचा राग त्याच्यावर.

एक दिवस हे घरी आले ते शर्टाची दोन बटणं तुटलेली. जेवले नाहीत. खूप विचारल्यावर सांगितलं, की समोरून आलेल्या एका जीपवाल्यानं जीप आडवी घालून ट्रॅक्टर थांबवला आणि गचांडी धरली. "ट्रॅक्टर रानात चालवायचा. डांबरावर यायची लायकी हाय का तुझी?" असं म्हणाला, आणि पुढं आमच्या जातीचं जुनं नाव घेतलं.

"तुमी काय म्हणलाव?" मी विचारलं.

"काय म्हणणार? ट्रॉली मातीत घातली आणि त्याला जाऊ दिलं." मग म्हणाले, "पर आता कुणाला साईड देणार न्हाई मी."

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी गौडांची तुरीची रास झाली. पोती आळंदच्या अडतीला न्यायची होती. माझी आई निंबर्ग्याला आजारी होती, म्हणून मीही निघाले. आळंदहून पुढं बसनं जाणार होते. दोन वर्षांची लेक मांडीवर घेऊन मी पोत्यांवर बसले. इंजिनाचा धूर तोंडावर येतो म्हणून पाठ त्यांच्याकडं आणि तोंड मागं, अशी.

खजुरीचा फाटा सोडला आणि मागं एक जीप लागली. सकाळचं ऊन तिच्या काचेवर पडलेलं, आत कोण आहे ते दिसेना. हॉर्न सारखा वाजत होता.

मी वळून ओरडले, "ओ, जीपवाला साईड मागायलाय!"

"मला बी ऐकू येतंय. वाजवू दे. हात दुखला की गप बसंल."

मी हसले. ते मला आजही चांगलं आठवतं. एकदा सांगितलं आणि पुन्हा सांगितलं नाही. मी उंचावर बसलेली, मागं जीप रांगत येतेय, तिला आमच्या चालीनं चालावं लागतंय, याचं मला बरं वाटत होतं. मी लेकीचा हात धरून त्या जीपवाल्याला टाटासुद्धा करायला लावला.

असे आम्ही दोन मैल गेलो.

पुढं वळणावर मोठं लिंबाचं झाड होतं. त्याची सावली जीपच्या काचेवर आली आणि मला आतलं दिसलं. ड्रायव्हरशेजारी एक माणूस बसलेला होता, दुसऱ्यानं त्याला मागून कवळा घालून धरलेलं. त्याचा उजवा हात लुगड्यात गुंडाळलेला होता आणि ते लुगडं पार लाल झालं होतं. धरणारा माणूस खिडकीतून हात काढून नुसता हलवत होता.

"साईड द्या! आवो, साईड द्या, माणूस हाय त्यात!"

"कळलं मला!" ते न वळताच ओरडले. त्यांना वाटलं, मी आधीचंच म्हणतेय.

मी पायातली चप्पल काढली आणि त्यांच्या पाठीत फेकून मारली. ते संतापून वळले. माझं तोंड बघितलं, आणि दुसऱ्या क्षणी सगळा ट्रॅक्टर डांबर सोडून रानात घातला. ट्रॉली कलली, दोन पोती खाली गेली, लेक रडायला लागली. जीप शेजारून निघाली. जाताना त्या हात गुंडाळलेल्या माणसानं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

हे खाली उतरले. पोती उचलायचं भान नव्हतं त्यांना. "कोण होतं?" म्हणाले. मी म्हणाले, "ठाऊक न्हाई. हाताला लागलंय." मग आम्ही दोघांनी पोती वर चढवली. चप्पल शोधायची राहून गेली. मी निंबर्ग्याला अनवाणीच गेले.

ती बातमी मला माहेरीच कळली. खजुरीचा माणूस. ज्वारीच्या मळणी यंत्रात कणसं घालताना हात गेला. दवाखान्यात पोचायच्या आधीच रक्त जाऊन संपला. दहा मिनिटं आधी पोचला असता तर वाचला असता का, असं आमच्या यांनी नंतर दवाखान्यात जाऊन विचारलं. तिथल्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, की सांगता येत नाही. हे "सांगता येत न्हाई" घेऊन ते घरी आले, आणि ते ओझं कधी खाली उतरलं नाही.

तेराव्यानंतर ते म्हणाले, "मला त्या घरी जायचंय." मी नको म्हणाले. मग मीही बरोबर गेले.

त्यांच्या अंगणात घोंगडी टाकली होती. जीपमध्ये त्याला धरून बसलेला होता तो त्याचा थोरला भाऊ. त्यानं आम्हाला ओळखलं, बसा म्हणाला. घरातल्याच कपबशीत चहा आला, आमच्यासाठी वेगळ्या काढून ठेवलेल्या कपांत नाही. भाऊच बोलायला लागला. "तुमी मनाला लावून घेऊ नका. इंजिनाच्या आवाजात तुमाला ऐकूच येत नव्हतं. दिसल्यावर तर तुमी पोती सांडून रस्ता दिलाव. आमी बघितलंय की."

त्याची म्हातारी आई दाराशी बसून मान हलवत होती.

यांनी कप खाली ठेवला. "ऐकू येत होतं, अण्णा."

"काय?"

"हॉर्न. पहिल्यापासून ऐकू येत होता. मी मुद्दाम दिली न्हाई साईड."

म्हातारी उठली आणि भिंतीला धरून आत गेली. भाऊ बराच वेळ त्या चहाकडं बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी तो म्हणाला, "जावा आता." आम्ही उठलो.

वाटेत मी यांच्यावर चिडले. "कामून सांगितलाव? ते तर आपणहून माफ करायले होते."

"मी बहिरा हाय म्हणून माफ करायले होते. मी बहिरा न्हाई."

मी हसले होते, लेकीला टाटा करायला लावलं होतं, यातलं काही मी त्या अंगणात सांगितलं नव्हतं. यांनाही पुढं कधी सांगितलं नाही.

त्यानंतर त्यांनी वर्षभर ट्रॅक्टर चालवला. पण लांबून हॉर्न ऐकला की सरळ मातीत उतरायचे. सायकलवाल्यालासुद्धा रस्ता द्यायचे. पोरंटोरं मुद्दाम मागून पोंगा वाजवून गंमत बघायची. एकदा रिकामी ट्रॉली रस्त्याकडेच्या चारीत जाऊन तिचा दांडा मोडला. गौडा म्हणाले, "तुझ्याच्यानं आता हे होत न्हाई बाबा." यांनी किल्ली ओट्यावर ठेवली. पुढं रोजगारानं रानात जात राहिले. सासऱ्यांनी वेशीपर्यंत जाणं सोडलं.

वारलेल्या माणसाच्या बायकोचं माहेर आमच्याच गावचं. दीर वेगळे झाल्यावर ती मुलाला घेऊन भावाकडं राहायला आली. एका पावसाळ्यात गौडांच्या तुरीत खुरपायला आम्ही दोघी शेजारशेजारच्या पातीला आलो. मी घाबरून मान वर न करता खुरपत होते. तिसऱ्या दिवशी ती खुरपं न थांबवता म्हणाली, "अक्का, पोत्यांवर तू बसली होतीस न्हवं?"

"व्हय."

मला वाटलं, आता विचारेल. किती वेळ हॉर्न वाजत होता, किती वेळ आम्ही अडवलं. मी सगळं सांगायचं ठरवलं.

ती म्हणाली, "ते कसे दिसत होते?"

मला कळेना. ती सांगायला लागली. "मी धुणं घेऊन ओढ्याला गेले होते. खळ्यावर पळत आले तवर जीप गेल्ती. नंतर आणलं ते गुंडाळूनच. मी न्हाई बघितलं त्यांना."

"बसलेले होते," मी म्हणाले. "दिरानं धरलं होतं."

"डोळे?"

"उघडे होते. जाताना मान वर करून माझ्याकडं बघितलं."

"बघितलं?"

"व्हय. नीट बघितलं."

तिनं खुरपं खाली ठेवलं. "पुन्हा सांग की."

मी पुन्हा सांगितलं. लिंबाच्या सावलीपासून जीप पुढं जाईपर्यंत सगळं, सावकाश. ती माझ्या तोंडाकडं बघत ऐकत होती. मग तिनं विचारलं, "डोक्याला पटका होता का? पिवळा?"

मला आठवत नव्हतं. खूप आठवून बघितलं. लाल लुगडं दिसत होतं, डोळे दिसत होते, डोकं काही दिसेना.

"होता," मी म्हणाले.

"सकाळी मीच धुतलेला काढून दिल्ता," ती म्हणाली, आणि खुरपं उचलून पुढच्या तणाला लागली.