चालू मोटर, सुरू मोटर

लग्न होऊन हुबळीला आले तेव्हा मी गणिताची पदवीधर होते, आणि हे मी समोरच्यानं विचारायच्या आतच सांगत असे. गोकुळ रोडवर सासरचं मिरची कांडपाचं यंत्र होतं. करंट गेला की ब्याडगी मिरचीची पोती तशीच पडून राहायची. जनरेटर घ्यायचं ठरलं, तशी ही विदुषी पदर खोचून पुढं सरसावली. प्रत्येक मोटरीवरच्या पत्र्याच्या पट्टीवरचा आकडा तिनं टिपला, बेरीज केली, वर एका पंख्याची सोय ठेवली, आणि बरोबर तेवढ्याच ताकदीचा जनरेटर मागवला.

उद्घाटनाला नारळ फुटला. कांडपाची मोटर सुरू केली. जनरेटरनं एक मोठा उसासा टाकला, दिवे लालसर झाले आणि सगळं बंद. पुन्हा सुरू केलं, पुन्हा उसासा. बेरीज चुकणं तर शक्यच नव्हतं! म्हणून विदुषीनं निष्कर्ष काढला की जावेची दृष्ट लागली. पदवीधर बाईनं चारचौघांत जनरेटरवरून मीठ-मोहरी ओवाळली. जाऊ बाजूलाच उभी होती, पदराआड हसत. पुढं जन्मभर ती मला ‘इंजिनिअरीणबाई’ म्हणायची.

बेरीज खरंच बरोबर होती. फक्त ती चालू मोटरींची होती. मोटर चालू असताना जेवढा करंट ओढते, त्याच्या पाच-सहा पट ती सुरू होताना ओढते, क्षणभरच, पण तेवढ्यात छोट्या जनरेटरचा जीव जातो. आता हे मला माझे गुडघे रोज शिकवतात. एकदा चालायला लागले की दुर्गदबैलच्या बाजारातल्या गर्दीत हातगाड्या मला वाट देतात. पण खुर्चीतून उठताना दोन हात, एक टेबल आणि बरेच देव लागतात.

मागच्या वर्षी आमच्या चार मजली इमारतीत जनरेटरचा विषय निघाला. चौथ्या मजल्यावर माझ्या समोरच्या दारात एक अक्का राहतात. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या चाकांच्या खुर्चीत असतात. संध्याकाळी खाली कडुनिंबाखाली आमचा कट्टा बसतो. तिथं सुना, जावई, सरकार, कुणाचीच गय होत नाही. करंट गेला की लिफ्ट बंद, आणि अक्का वरच. एकदा त्यांनी खिडकीतून ओरडून चर्चेत भाग घ्यायचा प्रयत्न केला, तर जिच्याबद्दल बोलणं चाललं होतं त्या सुनेनंच ते ऐकलं.

मीटिंगला जनरेटर विकणारा एक तरुण आला होता. लिफ्ट, पाणी चढवायचा पंप, बोअरची मोटर, जिन्यातले दिवे. त्यानं पटापट बेरीज केली. मला गोकुळ रोड दिसायला लागला.

“सगळं चालतंय की अज्जी, काळजी करू नका,” तो म्हणाला.

“चालेल रे. पण सुरू होईल का?”

सोसायटीचे अध्यक्ष तळमजल्यावर राहतात. निवृत्त साहेब आहेत. ते म्हणाले, “अज्जी, शब्दांचा कीस कशाला काढताय? चालू काय नि सुरू काय, एकच!”

“एकच कसं? मला कुणी ‘चालू बाई’ म्हणालं तर भांडण होईल. ‘सुरू बाई’ म्हणालं तर होईल का?”

हसणारे हसले. मी म्हटलं, “हाच जनरेटर बसवा. पहिल्या दिवशी अध्यक्षांनी लिफ्टमध्ये उभं राहायचं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये आली की मी खालून बोअरची मोटर सुरू करते.”

अध्यक्षांनी त्या तरुणाकडं बघितलं. तरुणानं कॅल्क्युलेटरकडं बघितलं. “लिफ्ट आणि बोअर एकदम नको, अज्जी,” तो हळूच म्हणाला. “त्याला मशीन मोठं लागेल.”

“मग यादीतून लिफ्ट काढून टाका,” अध्यक्ष लगेच म्हणाले. “पंप आणि दिवे पुरेत. करंट नसताना चौथ्या मजल्यावरच्या वयस्कर बायकांना कुठं जायचंय?”

औषध, दवाखाना, पेन्शन ही सगळी कारणं माझ्या जिभेवर आली होती. ती दिली की लोक मान डोलावतात. मी एकही दिलं नाही.

“कुठं जायचं ते आमचं आम्ही बघू. कट्ट्यावर जाऊ, नाहीतर नुसत्या वर-खाली करू. आमची मोटर मोजायची नसेल तर पंपाचीही मोजू नका. अंगणात नळ आहे. करंट गेला की तुम्ही बादल्या भरा, आम्ही वरून बघत बसू. आम्हाला तरी कुठं जायचंय!”

आधी बायका हसल्या. मग बादल्यांचा विचार करून पुरुषही माझ्या बाजूला आले. “आयतु अज्जी, आयतु, ठरलं,” म्हणत अध्यक्षांनी हात जोडले.

मोठं मशीन ठरलं. करंट गेल्यावर आधी लिफ्ट, जरा दम खाऊन पंप, शेवटी बोअर, अशी एकामागून एक सुरू व्हायची जोडणी झाली. बोअरला हलके हलके उठवणारा स्टार्टर लागला. तसलाच माझ्या गुडघ्यांसाठीही मागितला, पण त्या तरुणाकडं नव्हता.

पुढं एका संध्याकाळी करंट गेला. जनरेटर खोकला आणि घुमायला लागला. मी खाली लिफ्टपाशीच होते. दार उघडलं. आत अक्का, केसांत अबोली माळून. अध्यक्ष तिथंच उभे होते.

“काय अक्का, कुठं निघालात?” त्यांनी विचारलं.

“कुठंच नाही,” अक्का म्हणाल्या, आणि त्यांच्याकडं बघत चौथ्या मजल्याचं बटण पुन्हा दाबलं.

दार मिटायच्या आत मी शिरले. तिसऱ्या मजल्याच्या जरा खाली असताना बोअरची मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. दिवा थरथरला. माझ्या पदराच्या गाठीत मीठ-मोहरी होती, ती मी घट्ट धरली. लिफ्ट थांबली नाही.

वर पोचल्यावर अक्कांनी खालचं बटण दाबलं. “अजून एकदा जाऊया की. ते तिथंच उभे असतील.”