दाजींच्या गाण्याचा अर्थ

आमच्या दाजींना एखादी गोष्ट आवडली की तिचा त्रास निम्म्या सातारा जिल्ह्याला होतो, आणि उरलेला सगळा मला होतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि उंब्रजला येऊन घरचा ऊस बघू लागले. पण हुकूम सोडायची सवय काही सुटली नाही. हुकूम ऐकायला पलटण उरली नव्हती, तिची जागा मी भरून काढली. मी सांगलीत नोकरीला. सुट्टीला जरा पाठ टेकावी म्हणून बहिणीकडे जायचो आणि जाताना असायचो त्याहून दमून परत यायचो. एका वर्षी दाजींना इडलीनं झपाटलं होतं. पलटणीतल्या एका मद्रासी दोस्तानं शिकवलेली कृती त्यांना वीस वर्षांनी आठवली आणि गल्लीला रोज सकाळी इडली सुरू झाली. शेवटी शेवटी दाजींचं पातेलं लांबून दिसलं तरी लोक दाराला आतून कडी घालायचे. त्याच्या पुढच्या वर्षी शीर्षासन आलं. कृष्णेच्या काठावर मला डोक्यावर उभं करून दाजी स्वतः मात्र पायांवर उभे राहायचे आणि ओरडायचे, "हलायचं न्हाई, पावनं! अजाबात हलायचं न्हाई!" मी हललो. पुढे कितीतरी दिवस हापिसात कुणी हाक मारली की मला सबंध खुर्चीसकट वळावं लागे.

पण इडली काय, शीर्षासन काय, ही सगळी गाण्याच्या मानानं साधीसुधी संकटं होती. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. दाजींचा एक फौजी मित्र तासगावला द्राक्षाची बाग करायचा. त्याच्याकडे दाजी पाहुणचाराला म्हणून गेले आणि बेदाण्याच्या शेडपुढे उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवर त्यांनी ते गाणं ऐकलं. कुठल्या तरी दूरच्या मुलखातलं. ढोलकीसारखं काहीतरी तडतडत होतं, मध्येच पिपाण्या उसळत होत्या आणि एक तरुण पुरुष जीव तोडून काहीतरी विनवत होता. दाजी उन्हात तसेच उभे राहिले. मित्र जेवायला हाका मारून थकला. संध्याकाळच्या एसटीनं दाजी परतले ते पिशवीत बेदाणे आणि खिशात कॅसेट घेऊन. बेदाणे आठवड्यात संपले.

कॅसेट संपेना. सकाळी धार काढताना गोठ्यात तेच गाणं, कारण म्हशी शांत उभ्या राहतात म्हणे. उसाला पाणी देताना बांधावर सेल घालून तेच. जेवताना तेच. मी गेलो की मला समोर बसवून, "ऐका पावनं, आता कसा वर चढतोय बघा," असं म्हणत ते हातानं तो चढ दाखवायचे, आणि पिपाण्यांची जागा आली की त्यांचे खांदे आपोआप हलायला लागायचे. पंचावन्न वर्षांचा, झुपकेदार मिशांचा, ताठ मानेचा माणूस फक्त खांद्यांतून नाचतोय हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलं की मला त्याचं हसूही येईनासं झालं. गावानं गाण्याचं आपापल्या परीनं स्वागत केलं. शेजारच्या म्हातारीनं "पोटात कळ आल्यागत वराडतोय बिचारा" म्हणून हळहळ व्यक्त केली. पोरांनी गणपतीच्या मिरवणुकीत त्यावर धुरळा उडवला. भजनी मंडळानं दोन दिवस दाजींना नावं ठेवली आणि तिसऱ्या दिवशी त्याच चालीवर गौळण बसवली. आमच्या अक्काला मात्र ते गाणं सोसेना. आधी तिनं कानावर हात ठेवले, मग भांडी आपटली, आणि एके दिवशी मी जेवायला बसलो असतानाच टेपरेकॉर्डरची वायर उपसून काढली.

"आवं, ह्यो बाबा दिसभर माझ्या घरात बोंबलतोय, पर काय म्हंतोय ते तुमाला तरी ठावं हाय का? शिव्या देत असला म्हंजी?"

"शिव्या न्हाईत गं. पिरमाचं गाणं हाय ते."

"कशावरनं?"

दाजींनी मिशीवरून हात फिरवला. अक्कानं वायर गुंडाळून पिठाच्या डब्यामागे ठेवली. "अर्थ कळल्याबिगर माझ्या घरात वाजायचं न्हाई," ती म्हणाली आणि मला आमटी वाढली.

त्यावेळी मी गप्प जेवायला हवं होतं. पण आमटी चांगली झाली होती आणि त्या भरात मी बोलून गेलो. पूर्वी बदलीवर पाचगणीत असताना माझ्या शेजारी गोव्याचे एक म्हातारे मास्तर राहायचे. तिथल्या एका बोर्डिंग शाळेत पियानो शिकवायचे, त्यांना पोर्तुगीज यायचं, आणि गाण्यातले शब्द मला तसलेच वाटत होते. हे ऐकताच दाजी अर्ध्या भाकरीवरून उठले.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्कूटर निघाली. पुढे दाजी, मागे मी आणि माझ्या मांडीवर सेल घालून टॉवेलात गुंडाळलेला टेपरेकॉर्डर. मास्तरांकडे टेप असेल असं मी सांगून पाहिलं, पण परक्या टेपवर दाजींचा भरवसा नव्हता. साताऱ्यापर्यंत माझे पाय बधिर झाले. वाईच्या पुढे पसरणीचा घाट लागला तेव्हा पाय आहेत की नाहीत याचीही मला खात्री राहिली नाही. मास्तरांनी मला ओळखलं, चहा दिला आणि डोळे मिटून गाणं ऐकलं. मग पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

"ही पोर्तुगीज नव्हे, स्पॅनिश," ते म्हणाले. "पण समजतं की. तो तिला सांगतोय, तू जवळ असलीस की मला काही सुचत नाही. ये, माझ्याबरोबर नाच."

"आनि?" दाजी खुर्चीच्या कडेवर आले होते.

"आणि काही नाही. पुन्हा पुन्हा तेच म्हणतोय."

दाजींनी मास्तरांना कडक सॅल्यूट ठोकला. घाट उतरताना मात्र एका वळणावर त्यांनी एकदम स्कूटर थांबवली आणि खालच्या वाईकडे बघत राहिले. मला वाटलं, पेट्रोल संपलं.

"एवढंच व्हय," ते म्हणाले. "मला वाटलं, लय मोठं कायतरी असंल. एवढं तर कुनीबी म्हनू शकतंय."

"तुम्ही म्हणालात का कधी अक्काला?"

माझं अंग इतकं आंबलं होतं की भीती वाटायचंही त्राण नव्हतं, म्हणून हे विचारून गेलो. दाजींनी किक मारली.

आम्ही पोचलो तेव्हा अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "काय म्हंतोय मग त्यो?"

दाजी तिच्यासमोर सावधानमध्ये उभे राहिले. घसा खाकरला. "म्हंतोय, तू जवळ असलीस की काय सुचत न्हाई."

"कुनाला?"

"मला," दाजी म्हणाले.

शेंगा फुटायच्या थांबल्या. दाजींच्या लक्षात आलं तसे ते कानापर्यंत लाल झाले. "म्हंजी, त्याला. त्यो म्हंतोय..." एवढं म्हणून त्यांनी ते वाक्य तसंच सोडून दिलं. मला तिथून जायचं होतं, पण पाय उचलत नव्हते. मी टेपरेकॉर्डर पोटाशी धरून तसाच उभा राहिलो.

"इतकी वरसं सुचत न्हवतं, तर बोलायला काय झालं हुतं?" अक्कानं हळूच विचारलं.

"सरहद्दीवर हुतो की."

"आन् आल्यावर?"

दाजींनी बराच विचार केला. "आल्यावर ऊस हुता," ते म्हणाले.

अक्का पदर तोंडाला लावून हसली. डोळेही पुसले बहुतेक. माझ्याकडे पाठ करून पुसले. मग आत जाऊन वायर घेऊन आली. "लावा," ती म्हणाली. "बघू दे तरी कसं म्हंतोय." आणि गाणं संपेपर्यंत हात मांडीवर ठेवून ती ऐकत बसली. दाजी शेजारी बसले होते, दोघांच्या मध्ये शेंगांचं सूप. त्यांचे खांदे तेवढे त्या दिवशी हलले नाहीत.

सकाळच्या एसटीनं मी सांगलीला आलो. बायकोनं पाणी दिलं आणि तोंड बघून विचारलं, "या वेळी काय केलं दाजींनी?" मी सगळं सांगितलं. स्कूटर, घाट, मास्तर, शेंगा. ती दाराला टेकून ऐकत होती, हसत होती. मग हसायची थांबली.

"आणि तुम्हाला सुचतं का हो? मी जवळ असले की?"

तिनं हे थट्टेत विचारलं असावं. मी बोलायला तोंड उघडलं. काय बोलायचं ते मला ठाऊक होतं, कालच ते दोनदा ऐकलं होतं.

"भूक लागलीय गं," मी म्हणालो.

"वाढते," ती म्हणाली आणि आत गेली. तिच्या मागोमाग आत जावं असं फार वाटलं. पण अंग इतकं मोडून आलं होतं की मी खुर्चीतच बसून राहिलो, आणि आतून ताटं मांडल्याचा आवाज ऐकत राहिलो.