होडीतला बिशप

आग्नेसमावशी गेल्याचं तिच्या लेकीने, रीनाने, फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसात होते. दीड महिना होऊन गेला, तरी रविवारी दुपार झाली की पाय तिच्या घराकडे वळतात...

मावशी माझी सख्खी नव्हे. ती वसईची ख्रिस्ती, मी नागपूरची. अमेरिकेत, शॉमबर्गच्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात गाडी बर्फात रुतली आणि समोरच्या घरातून ती फावडं घेऊन आली, तेव्हापासूनची ओळख. तिचा नवरा, पीटरकाका, वसईकडे लॅटिन शिकवायचे. मावशीला इथे नर्सची नोकरी लागली म्हणून तेही आले आणि स्कूलबस चालवू लागले. बसच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ते जुन्या फ्रान्समधल्या एका बिशपचं चरित्र लॅटिनमधून मराठीत आणत. चौदाशे वर्षांपूर्वीचा हा संत. राजाला तोंडावर अन्याय सुनावला म्हणून त्याला होडीत बसवून गावातून घालवून दिलं. होडी नदीच्या वळणाशी येते, तो आपल्या चर्चकडे मागे वळून बघतो... या वाक्याच्या मध्यावरच काका गेले. हार्ट अटॅक.

मावशीला प्रार्थनेतल्या चार शब्दांपलीकडे लॅटिन येत नव्हतं. पण रिटायर झाल्यावर, अडुसष्टाव्या वर्षी, तिने कॉलेजात लॅटिनच्या क्लासला नाव घातलं. विशीतल्या मुलांत बसून विभक्त्या पाठ केल्या. एवढा त्रास कशाला, कुणाकडून तरी पुरं करून घेऊ, असं मी सुचवलं. ती शांतपणे म्हणाली, "अगं, त्याला तसाच होडीत कसा सोडू? आणि ह्यांनाही..."

सात वर्षं लागली. रविवारी ती वाचायची, मी शुद्धलेखन बघायचे. परमुलखात बिशपला गावाकडचा एक माणूस भेटतो आणि बिशप त्याला आधी गावच्या द्राक्षमळ्यांची खबर विचारतो. ती ओळ तिने दोनदा वाचली. वसईचं घर काका असतानाच विकलं गेलं होतं. परत जाऊ म्हणता म्हणता राहून गेलं होतं. बिशपही परमुलखातच वारतो. मग ज्या गावाने त्याला जाताना थांबवलं नाही, तेच गाव त्याचा देह न्यायला येतं. ते शेवटचं प्रकरण झालं त्या दिवशी मावशीचा फोन आला. "आणलं गं त्याला घरी," म्हणाली. तीन आठवड्यांनी ती गेली, झोपेतच.

मागच्या रविवारी रीनाने कपाटातून वह्या काढल्या. तिला मराठी कळतं, वाचता मात्र येत नाही; मी वाचून दाखवावं असं तिला वाटत होतं. वाचता वाचता एक पान उलटलं, तर तिने माझा हात धरला. काकांचं तिरकं अक्षर अर्ध्या वाक्यात संपलं होतं. त्याच ओळीत, मध्ये जागा न सोडता, मावशीचं गोल अक्षर सुरू झालं होतं. रीनाने तिथे बोट टेकवलं.

"इथून आई," ती म्हणाली.

तिने बोट उचललं नाही. मी पुढे वाचत राहिले.