पश्चिमेच्या खिडकीतला पडदा

त्या खोलीत शिरण्याआधी काका ओठांवर बोट ठेवायचे. "हळू, साहेब. आताच डोळा लागलाय."

आत कोणी नसायचं. एक लोखंडी पलंग, धुतलेली चादर आणि पश्चिमेच्या खिडकीत वाळ्याचा ओला पडदा.

खानवेलचा हा उन्हाळी बंगला पोर्तुगीजांच्या वेळचा. त्याची देखभाल सिल्वासातल्या आमच्या कार्यालयाकडे, आणि काका तिथले चौकीदार. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांना आपण आधी हसतो. मीही हसलो. धुळ्याच्या हमालाचा मुलगा मी, घरातला पहिला इंजिनिअर. कोणी साहेब म्हटलं की मला बरं वाटायचं. भुताखेतांचं बोलणं मात्र खपायचं नाही.

त्या खोलीत एका पोर्तुगीज अधिकाऱ्याची बायको तापानं गेली होती. शेवटपर्यंत गारवा मागत होती म्हणे. काकांचे वडील तेव्हा तिथे पाणी भरायचे. त्यांनी रोज दुपारी पडदा भिजवायचा नेम धरला, त्यांच्यामागे काकांनी. पडदा सुकला तर बाई निघून जाईल, असं ते शेजारणीबद्दल सांगावं तसं सांगायचे.

एकदा मे महिन्यात मोजमाप घेता घेता मी त्या गारव्यात खुर्चीतच पेंगलो आणि हातातली टेप खाली पडली. पलंग करकरला, कोणी कूस बदलावी तसा, आणि मला जाग आली. काका दारात उभे होते.

"तुमच्या टेपच्या आवाजानं उठली," ते म्हणाले.

मी टेप गुंडाळली.

त्याच दिवशी मला खिडकीखालच्या भिंतीत ओल दिसली. भर उन्हाळ्यात ओल, म्हणजे जमिनीतून पाणी चढतंय, पाया गेला. अहवालात मी 'इमारत धोकादायक' लिहिलं आणि खाली ऐटीत सही ठोकली. काही महिन्यांनी बंगला पाडायचा आदेश निघाला. तो घेऊन मीच गेलो.

काका कळशीनं पडदा भिजवत होते. पाणी वाळ्यातून निथळलं, चौकटीवरून ओघळलं आणि भिंतीत मुरलं. मी बघतच राहिलो. दोन पिढ्यांचं पाणी होतं ते, आणि मी कधी विचारलंच नव्हतं.

"काका, ओल तुमच्या पाण्याची आहे. चूक माझी," मी सरळ सांगून टाकलं. "पाणी थांबवा. भिंत सुकली की मी अहवाल बदलतो. नाहीतर बंगला जाईल."

काकांनी पलंगाकडे पाहिलं. मग त्यांनी कळशी पालथी घातली.

"घर तरी राहू दे तिचं."

मी वरिष्ठांपुढे चूक कबूल केली, बोलणी खाल्ली. आदेश थांबला. पुढच्या मे महिन्यात फेरपाहणीला गेलो तर भिंत खडखडीत, पाया भक्कम. काका मात्र बोचकं बांधून व्हरांड्यात बसले होते. राखोलीला लेकीकडे निघालो, किल्ल्या द्यायला तुमचीच वाट पाहत होतो, म्हणाले. मी म्हटलं, बंगला वाचला, आता कुठे जाता?

"पडदा सुकला त्याच आठवड्यात गेली ती," काका म्हणाले. "आता मी राखू कोणाला?"

किल्ल्या माझ्या हातात देऊन ते बसथांब्याकडे गेले.

मी आत गेलो. मे महिन्यात कुठलीही बंद खोली तापते तशी ती खोली तापलेली होती. घामाघूम होऊन बाहेर आलो आणि पायरीवर बसून अहवाल लिहिला: इमारत राहण्यास योग्य.