बारा नंबरचं दूध

खरं नाव पगाराच्या कागदावर असेल. दवाखान्यात तिला सगळे बसाबाई म्हणायचे. कमी दिवसांच्या बाळांच्या विभागाबाहेर एक लांबट खोली होती, तिथे सात खुर्च्या, आणि कुणाचे आईबाप दारातून आत आले की बाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी बसा." उभ्या माणसाला वाईट बातमी सांगू नये, तो कोसळतो आणि मग दोघांचं बघावं लागतं, असं त्या नव्या नर्सना शिकवायच्या. पगार सोशल वर्करचा, पण कामाला सुमार नव्हता. हात कोपरापर्यंत कसे धुवायचे, काचेच्या पेटीच्या भोकातून बाळाच्या डोक्यावर नुसता हात कसा ठेवायचा, डॉक्टर जे बोलले ते माणसांच्या भाषेत काय, हे सगळं त्याच सांगायच्या. "सगळं ठीक होईल" एवढं मात्र त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही. नातेवाईक त्यांना आखडू म्हणायचे. म्हणेनात का.

एक गोष्ट त्यांना सलत होती. बारा वर्षांपूर्वी एका घरच्यांनी आईला न दाखवताच गेलेलं बाळ नेलं, आणि बाई गप्प बसल्या. वर्षाने ती आई परत आली. दारातच उभी राहून तिने विचारलं, "त्याला केस होते का हो?" बाईंना आठवेना. त्या म्हणाल्या, "होते. चांगले दाट." ती हसत गेली, आणि बाईंना ते हसू आजतागायत पचलेलं नाही. तेव्हापासून त्या एका वहीत प्रत्येक बाळाचं लिहून ठेवायच्या: केस, कान, कुठली मूठ घट्ट.

बारा नंबरच्या पेटीतला मुलगा सत्ताविसाव्या आठवड्यात झाला, वजन नऊशे ग्रॅम. आईला झटके आले म्हणून घाईने सिझर करावं लागलं. तिचं बीपी उतरेना, त्यामुळे वरच्या मजल्यावरून तिला खाली सोडत नव्हते. पोर तिने फोनवरच्या फोटोतच पाहिलं होतं. दर तीन तासांनी पंप लावून दूध काढायचं, एवढंच तिच्या हातात होतं. नवरा बाटली घेऊन खाली यायचा. बाळाला नळीतून दोन मिली जायचं आणि तो वर जाऊन सांगायचा, "पचलं." त्या एका शब्दावर ती पुढचे तीन तास काढायची.

सहाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता मुलगा गेला.

बाईंनी नवऱ्याला आणि सासूला बसवलं, डॉक्टरांनी सांगितलं. नवरा जमिनीकडे बघत राहिला. सासूने डोळे पुसले आणि सूत्रं हातात घेतली.

"तिला आत्ता काही बोलायचं नाही. ओली बाळंतीण आहे. चार वाजता गाडी सांगते, आपण त्याला घेऊन जाऊ. तिला घरी गेल्यावर बघू."

"तिने अजून पाहिलं नाही त्याला," बाई म्हणाल्या.

"तेच बरं. बघितलंच नाही तर माया कुठून लागणार?"

"आजी, सहा दिवस ती दर तीन तासांनी उठतेय. माया लागायची आता काय राहिलीय?"

"मग सांगणार कोण? हा? बघा तोंड त्याचं."

बाराच्या ठोक्याला नवरा वरून बाटली घेऊन खाली आला. "तिने दिली. मला काही बोलताच आलं नाही." बाईंनी हात पुढे केला आणि बाटली घेऊन फ्रिजमध्ये ठेवली. वीस वर्षांची सवय, हाताने डोक्याला विचारलंच नाही. त्याच्या जिवाला तेवढाच आधार झाला असावा. वर जाऊन त्याने नेहमीसारखं सांगितलं, "पचलं."

तीन वाजता तो परत आला तेव्हा बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. "म्हणाली, पचतंय ना, म्हणून आज जास्त आलं." एवढं बोलून तो न सांगताच खुर्चीवर बसला.

ते "पचलं" आपणच त्याच्या हातात दिलं, हे बाईंना कळून चुकलं. त्या तडक वरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बीपी कालपासून आटोक्यात होतं. "सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी दारात थांबते." मागोमाग आलेल्या नवऱ्याने मान डोलावली. पॅसेजमध्ये सासू आडवी आली.

"तिला काही झालं तर तुमच्या डोक्यावर."

"माझ्याच डोक्यावर."

खाटेवरच्या माणसाला काय बसा म्हणणार? बाई स्वतःच स्टूल ओढून बसल्या.

"बाळ गेलं. सकाळी अकरा वाजता."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाली, "आणि बाराचं दूध?"

"मी घेतलं. घ्यायला नको होतं. चूक माझी."

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो भिंतीकडे तोंड करून रडत होता.

"चार वाजता गाडी येतेय," बाई म्हणाल्या. "त्याआधी त्याला घ्यायचंय तुम्हाला?"

"गरम आहे अजून?"

"नाही."

"घ्यायचंय."

चाकांच्या खुर्चीवरून तिला खाली आणलं. नर्सने नळ्या काढून ठेवल्या होत्या. आईने आधी बाळाची टोपी काढली. केस मागे मानेवरच होते, विरळ. तिने दोन्ही पायांची बोटं मोजली, मग पुन्हा मोजली. सासू दाराशी उभी होती. नवऱ्याकडे बघत सून तिला म्हणाली, "आई, या ना. कान ह्याचेच आहेत." म्हातारी आली, एका बोटाने कानाला शिवली आणि तिथेच फरशीवर बसून हंबरडा फोडला. तिनेही नातवाला नीट असं पाहिलं नव्हतं. गाडी पाच वाजेपर्यंत खाली उभी होती आणि कुणीही घाई करा म्हटलं नाही.

सहा वाजता बाई वर गेल्या. बाळंतिणीची छाती दगडासारखी झाली होती, गाऊन पुढून भिजला होता. सगळं दूध काढायचं नाही, फक्त ठणका कमी होण्यापुरतं, वर गार कपडा ठेवायचा, चार-आठ दिवसांत कमी होईल, असं त्यांनी समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मला तुम्ही सांगितलंत, बाई," ती म्हणाली आणि तिने भिजलेल्या गाऊनवर हात ठेवला. "आता ह्याला कोण सांगणार?"

बाईंनी गार पाण्यातून कपडा पिळून काढला आणि तिच्या हातात दिला.