राष्ट्रपती भवनातली कॉमेंट्री

माझ्या काकांचा आवाज अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत सगळ्या मैदानांवर ओळखीचा होता. ते एका कारखान्यात स्टोअरला कामाला होते. पण भातं कापून शेतं मोकळी झाली की पालेगावात, खरवईत टेनिस बॉलच्या टुर्नामेंट लागायच्या, आणि रविवारी काका माइकवर असायचे. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, मध्येच फेकलेला इंग्रजी शब्द. जयंतीच्या मिरवणुकीत सूचना द्यायलाही आमच्या वस्तीतली मंडळी त्यांनाच पुढे करायची.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे गेले. आधी एक गेला, मग ऑपरेशन करूनही दुसरा. नोकरी सुटली. टुर्नामेंटवाले सुरुवातीला भेटायला यायचे. काका त्यांच्याशी नीट बोलायचे, पण मैदानावर चला म्हटलं की विषय बदलायचे. आमची घरं एकाच भिंतीला लागून, त्यामुळे त्यांचा रेडिओ आम्हाला दिवसभर ऐकू यायचा. तो बंद असला की घरात काकू तेवढ्या बोलायच्या.

काकांचा जीव होता एका फलंदाजावर. त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी कारखान्यात पेढे वाटले होते. आता पद्म पुरस्कारांमध्ये त्याचं नाव जाहीर झालं, तेव्हा रेडिओवर बातमी ऐकून त्यांनी काकूंना शिरा करायला लावला. स्वतःला खाता येत नसताना, आम्हाला समोर बसवून खायला लावला.

सोहळा उन्हाळ्यात झाला. दूरदर्शनवर दाखवत होते. काकांनी मला हाक मारून टीव्हीसमोर बसवलं. एकेक नाव पुकारलं जात होतं, टाळ्या होत होत्या. त्याचं नाव आलं तसे काका सरसावून बसले. मी म्हटलं, तो आला, राष्ट्रपतींनी मेडल लावलं, फोटो काढला, गेला.

काका म्हणाले, "टाळ्या मलाही ऐकू आल्या गं. तुला काय दिसलं ते सांग."

एवढ्यात पुढचं नाव पुकारलं गेलं. संध्याकाळच्या बातम्यांत पुन्हा दाखवतील, असं मी त्यांना म्हटलं आणि खरंच बातम्यांच्या आधीच जाऊन बसले. या वेळी मी टीव्हीच्या अगदी जवळ बसले.

दाखवलं, आणि मी सांगत गेले. गळाबंद काळा कोट आहे. नाव पुकारलं तेव्हा तो रांगेत बसला होता. एका बाजूला पांढऱ्या केसांचे एक डॉक्टर असावेत, दुसरीकडे सुती साडीतल्या एक म्हाताऱ्या बाई. त्या बाईंकडे बघून हात जोडले, मग उठला. लाल गालिच्यावरून चालतोय, मान जराशी खाली. आपल्याला वाटतं तेवढा उंच नाही. राष्ट्रपतींसमोर थांबला, वाकला. ते कोटावर मेडल लावतायत आणि हा एकदम ताठ, दोन्ही हात मांडीला लावून.

"म्हणजे पहिल्या बॉलच्या आधी उभा राहतो तसा?"

"नाही काका. शाळेत बक्षीस घ्यायला मुलं उभी राहतात तसा."

काका हसले. आणि मग त्यांनी ते सगळं पुन्हा म्हणायला सुरुवात केली, त्यांच्या माइकच्या आवाजात. "तो भाईलोग, लाल गालिचा बिछा हुआ है, आणि आपला माणूस निघालाय, मान खाली घालून, अगदी सावकाश..." माझ्या चार शब्दांचे त्यांनी चाळीस केले. काकू पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. शेजारचे दारात उभे राहिले. एवढ्या दिवसांत आम्ही तो आवाज ऐकला नव्हता.

दारात उभ्या राहिलेल्यांपैकीच कुणीतरी ही गोष्ट उल्हासनगर कॅम्प एकच्या माइकवाल्यापर्यंत पोचवली. हा सिंधी गृहस्थ प्रत्येक टुर्नामेंटला स्पीकर भाड्याने द्यायचा आणि काकांचा जुना दोस्त होता. पुढच्याच आठवड्यात तो घरी आला. पालेगावात पावसाआधीची शेवटची टुर्नामेंट होती. काका म्हणाले, मला दिसत नाही तर बोलू काय? त्याने माझ्याकडे बोट केलं आणि मी एकदम घाबरले.

"ये देखेगी, आप बोलोगे," तो म्हणाला. "मेरा माइक आपके बिना मजा नहीं देता."

पालेगावच्या त्या शेतात टेबलाशी बसलेली मी एकटीच मुलगी होते. पहिल्या मॅचला फजिती झाली. मी कॅच म्हणेपर्यंत तो सुटलेला असायचा, काका आऊट जाहीर करायचे आणि पब्लिक हसायचं. मला रडू यायला लागलं. काकांनी माइकवर हात ठेवला आणि म्हणाले, घाई करू नकोस, आपण जरा उशिरा सांगू, पण जे झालं तेच सांगू. त्यानंतर जमत गेलं. मी कानात म्हणायची, फिल्डर झेपावला, पडला, आधी चप्पल शोधतोय. आणि काका तो क्षेत्ररक्षक कसा झेपावला, मातीत कसा घसरला, उठून चेंडू आधी शोधला की चप्पल, हे सगळं उभं करायचे. लोक मैदानावरचं बघून पुन्हा स्पीकरकडे कान द्यायचे.

सेमीफायनलला एका बॅट्समनने वाद घातला. अंपायरने बोट वर केलं तरी तो क्रीज सोडेना, दोन्ही टीमची पोरं आत धावली. मी काकांना ते सांगितलं. ते शांतपणे माइकवर म्हणाले, "भाऊ, परवा राष्ट्रपतींनी ज्याच्या छातीवर मेडल लावलं ना, तोही बोट वर गेलं की गुपचूप पॅव्हेलियनमध्ये जातो. म्हणून तिथपर्यंत पोचला. तू पण ये, सावलीत बस, सरबत आहे."

शेतभर हशा पिकला. तो मुलगा बॅट काखेत मारून बाहेर आला आणि आमच्या टेबलाशी येऊन खरंच सरबत प्यायला.

पुढच्या थंडीत खरवईच्या टुर्नामेंटचं बोलावणं आलं. आयोजकांनी काकांना विचारलं नाही की येणार का. त्यांनी थेट मला विचारलं, रविवारी कॉलेजचं काही नाही ना.